गोडीगुलाबीचा दिवस

"मला नको ही मुलगी! ना रक्ताची, ना नात्याची. कुणाचं कोण, आणि आणून बसवलंत माझ्या घरात! उद्याच्या उद्या परत नेऊन सोडा तिला!"

एवढं बोलून लेखिकाबाईंनी फोनवरचं बोट उचललं, घोटभर पाणी पिऊन घेतलं आणि स्वतःवरच खूश झाल्या. सासूचा आवाज झकास लागला होता. त्यात वय होतं, तोरा होता, शेवटी शेवटी थोडी धापसुद्धा होती.

लेखिकाबाई प्रेमकथा लिहीत नसत, बोलत असत. टेबलापाशी बसलं की त्यांना झोप येई. म्हणून त्या खोलीचं दार लावून येरझारा घालत, नायकाचं नायकासारखं आणि नायिकेचं नायिकेसारखं बोलत, मध्ये गरज पडली तर खरोखरच रडत, आणि हे सगळं तुकड्यातुकड्याने फोनवर रेकॉर्ड करून टायपिस्टबाईंकडे पाठवून देत. टायपिस्टबाई हुंदके गाळून उरलेलं टाइप करत. या पद्धतीने त्यांच्या डझनावारी कादंबऱ्या निघाल्या होत्या आणि वाचनालयांतल्या प्रतींची पानं वाचकांच्या आसवांनी फुगली होती.

या खेपेचा विषय मात्र घरातूनच उचललेला. नायिका एका निराधार मुलीला घरी आणते, नायकाची आई आकाशपाताळ एक करते, वगैरे. लेखिकाबाईंच्या घरी अशी मुलगी खरीच होती. बालकल्याण खात्याने तात्पुरती सांभाळायला म्हणून दिलेली, वय वर्षं नऊ. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिच्या उशीच्या खोळीत टोस्ट सापडले, गादीखाली बिस्किटं सापडली, आणि लेखिकाबाईंचे यजमान म्हणाले, "ही तर खारूताईच!" तेव्हापासून ती खारू.

खारू शहाणी होती. इतकी शहाणी, की पाहुणे चकित होत. दिलेलं खायची, सांगितलेलं करायची, न सांगितलेलंही करायची. लेखिकाबाईंना काकू आणि यजमानांना काका म्हणायची, आणि दोघांशीही अहोजाहो करायची. तात्पुरतं सांभाळता सांभाळता दोघांचाही जीव तिच्यात असा गुंतला, की त्यांनी तिला कायमचं दत्तक घ्यायचा अर्ज केला. आता एकच गोष्ट राहिली होती. खात्याच्या निरीक्षकबाई घरी येऊन शेवटची पाहणी करणार, अहवाल देणार, आणि त्या अहवालावर मुलगी राहणार की जाणार ते ठरणार. त्या आज दुपारी यायच्या होत्या.

एवढ्यात टायपिस्टबाईंचा फोन आला.

"बाई, सासूचं भांडण पाठवताय ना? मी कधीची बसलेय."

"अहो, आत्ताच नाही का पाठवलं?"

"नाही हो. माझ्याकडे नायिका अजून जिन्यातच उभी आहे."

लेखिकाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग चष्मा लावून पुन्हा जवळ नेला. तिन्ही अंतरांवरून तेच दिसत होतं. निरीक्षकबाईंनी सकाळी 'आज येते' असं कळवलं होतं, त्यामुळे त्यांचं नाव यादीत सगळ्यांत वर येऊन बसलं होतं, आणि सासूबाई थेट बालकल्याण खात्यात पोचल्या होत्या.

 लेखिकाबाईंनी यजमानांना फोन लावला. यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्या वेळी ते एका गिऱ्हाइकाला खालची बारीक ओळ वाचायला सांगत होते.

"पुसून टाक," सगळं ऐकून ते म्हणाले.

"पुसलं तर काहीतरी पुसलंय एवढं दिसतंच ना तिथे! काय पुसलंत म्हणून विचारलं तर?"

"मग दुसरा निरोप पाठव. खरं काय ते सांग."

लेखिकाबाईंनी लगेच पाठवला. "मॅडम, मघाशी मी जे बोलले ते मनापासून नव्हतं." पाठवून झाल्यावर स्वतःच ऐकला. कुणीही ऐकलं असतं तरी वाटलं असतं, की बाईने रागात खरं बोलून टाकलंय आणि आता सारवासारव करतेय. म्हणून तिसरा पाठवला. "म्हणजे मनापासून होतं, पण माझ्या नाही. सासूबाईंच्या."

यजमानांना त्यांनी हेही सांगितलं. 

"आईला कशाला मध्ये आणलंस?"

"तुमच्या आईला नाही हो! कादंबरीतल्या!"

"ते तुला माहीत, मला माहीत. त्यांच्या कागदावर माझी आई मयत आहे. आपणच लिहून दिलंय. आता त्यांना काय वाटेल? वारलेली सासू हिच्या तोंडून बोलते!"

लेखिकाबाईंनी निरीक्षकबाईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. मग परत यजमानांना लावला.

"सारखी फोन करू नकोस," यजमान म्हणाले. "घाबरल्यासारखं दिसतं."

"घाबरलेयच मी!"

"असू दे. पण दिसायला कशाला हवं? हे बघ, त्या घरात पाऊल टाकतील तेव्हा त्यांना प्रेम दिसलं पाहिजे. भिंतीभिंतीतून दिसलं पाहिजे. आज एकदम गोडीगुलाबी. आवाज चढवायचा नाही, टोकायचं नाही. मी येतोच दुकान बंद करून."

आणि ते खरोखरच आले. येताना झालरीचा गुलाबी फ्रॉक आणला, आइस्क्रीमचा डबा आणला, कशावरही ठेवता येतील अशी फुलं आणली. लेखिकाबाईंनी सोफ्याच्या उश्या चार वेळा बदडून फुगवल्या. मग दोघंही दारात येऊन उभी राहिली, आणि शाळेतून येणाऱ्या खारूला लांबूनच आपले काका-काकू शेजारी शेजारी उभे राहून हसताना दिसले.

खारू फाटकातच थबकली.

"ये गं माझी राणी," लेखिकाबाई मधाळ आवाजात म्हणाल्या. एरवी याच दारात 'डबा संपवलास का' आणि 'मोज्यांचं काय करून आणलंस हे' असे दोन प्रश्न तिच्या स्वागताला असत.

"काका घरी कसे?" खारूने विचारलं.

"तुझ्यासाठीच गं," यजमान म्हणाले. तेही इतक्या हळू, की जणू घरात कुणी आजारी होतं.

"दुकान?"

"बंद केलं. दुकान काय, रोजचंच आहे."

खारूचा चेहरा उतरला. तिने दप्तर जागेवर ठेवलं, न सांगता हातपाय धुतले, फ्रॉक घालायला सांगितला तो घातला. जेवायच्या आधीच समोर आइस्क्रीम आलं, तेव्हा तिने चमचा हातात धरून ते वितळू दिलं.

"मी काही केलं का?" तिने हळूच विचारलं.

"छे गं बाळा! तू काय करणार?"

"चुकून काही सांडलं असेल."

"सांडू दे की! हवं ते सांड!"

हे ऐकून तर ती उठलीच आणि आपल्या खोलीत गेली.  थोड्या वेळाने लेखिकाबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं. खारू पलंगावर आपली बॅग उघडून बसली होती. आत तिने पुस्तकं ठेवली, दात घासायचा ब्रश ठेवला, दोन टोस्ट कागदात गुंडाळून ठेवले आणि चेन ओढून घेतली.

लेखिकाबाई चवड्यांवर स्वयंपाकघरात आल्या. "अहो, तिने ऐकलं! सकाळी मधल्या सुट्टीत काही विसरलं म्हणून आली असेल, आणि ऐकलं असेल! ती जायला निघालीये!"

"हळू बोल," यजमान म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच घंटी वाजली.

निरीक्षकबाई शिडशिडीत होत्या, कमी बोलत आणि प्रत्येक उत्तरावर 'हं' म्हणत. त्या 'हं'चा अर्थ लावताना भल्याभल्या जोडप्यांना घाम फुटे. त्या पुरत्या टेकायच्या आतच लेखिकाबाई म्हणाल्या, "मॅडम, तो निरोप तुम्हाला वाटतो तसा नाही."

"कुठला निरोप?"

"तुम्ही... ऐकला नाहीत?"

"छे हो. लोक मला एवढाले निरोप पाठवतात. मी ते घरी गेल्यावर भाजी निवडता निवडता ऐकते. का? काय होतं त्यात?"

"काही नाही!" नवराबायको एका सुरात ओरडली.

एवढं एकमत निरीक्षकबाईंनी कुठल्याच घरात पाहिलेलं नसावं. त्यांनी पर्समधून फोन काढला. लेखिकाबाई पाण्याचा पेला पुढे करत राहिल्या, यजमान फुलं दाखवत राहिले, पण बोट टेकलंच. खोलीभर आवाज घुमला. "मला नको ही मुलगी!" मग दुसरा निरोप वाजला. मग तिसरा.

तिन्ही संपेपर्यंत खारू दारात येऊन उभी राहिली होती. गुलाबी फ्रॉक, पाठीला बॅग.

"आवाज तुमचाच," निरीक्षकबाई म्हणाल्या.

"कादंबरीतली सासू आहे ती," लेखिकाबाई म्हणाल्या.

"पण तुमच्या सासूबाई तर..."

"मयत," यजमान पडेल आवाजात म्हणाले.

"हं." निरीक्षकबाई खारूकडे वळल्या. "बाळ, इकडे ये. घाबरू नकोस. काकू घरात ओरडतात का?"

"हो," खारू म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी मला ऐकू येतं. आधी रडतात, मग ओरडतात, मग पुरुषाच्या आवाजात म्हणतात, तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही. मग दार उघडून विचारतात, भात लावू का?"

"कुणाशी बोलतात?"

"एकट्याच असतात. दोन्ही बाजूंनी भांडतात."

यजमानांनी डोळे मिटून घेतले. निरीक्षकबाईंचं पेन भराभर चालत होतं.

"आणि हे आत्ता ऐकलंस, ते?"

"ते जुनंय. रविवारीपण म्हणत होत्या. तेव्हा जास्त चांगलं झालं होतं." खारू थांबली. "त्यात एक मुलगी उशीत टोस्ट लपवते. ते माझे टोस्ट आहेत. मला विचारलं नाही."

लेखिकाबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या प्रसंगावर त्या फार खूश होत्या.

"म्हणजे हे खोटं भांडण आहे, हे तुला ठाऊक होतं," निरीक्षकबाई म्हणाल्या. "मग बॅग का भरलीस?"

खारूने फ्रॉकच्या झालरीकडे पाहिलं.

"काका दुकान बंद करून आले. नवीन फ्रॉक आणला. जेवायच्या आधी आइस्क्रीम दिलं. आणि दोघं हळू हळू बोलतायत." मग तिने मान वर केली. "मागच्या घरी असंच केलं होतं. त्याच्या आधीच्या घरीपण. आणि मग तुम्हीच आला होतात न्यायला."

निरीक्षकबाईंचं पेन थांबलं. 

"ओरडतात तेव्हा काही नसतं," खारूने त्यांना समजावून सांगितलं. "परत पाठवायचं असलं की गोड बोलतात."

 पोरीला कवटाळावं, राणी म्हणावं, सोन्या म्हणावं, आम्ही तुला कुठ्ठे पाठवणार नाही म्हणावं, असं सगळं लेखिकाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्याकडे होतं ते सगळं गोडच होतं, आणि गोड शब्द काढला की ही पोर दाराबाहेर जाऊन उभी राहणार होती. आयुष्यभर दोन्ही बाजूंनी बोललेल्या बाईला एका बाजूचंही वाक्य सुचेना. मग त्यांची नजर बॅगेवर गेली.

"ही बॅग माळ्यावर होती ना?"

खारूने मान डोलावली.

"काढलीस कशी?"

"स्टुलावर खुर्ची ठेवून."

"स्टुलावर खुर्ची?" लेखिकाबाईंचा आवाज एकदम सुटला. हा सासूचा नव्हता, नायिकेचाही नव्हता. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पडली असतीस म्हणजे? हात मोडून घेतला असतास, आणि दवाखान्याच्या चकरा कुणी मारायच्या? कुणाला विचारून चढलीस?"

"अगं, हळू," यजमान निरीक्षकबाईंकडे बघत कुजबुजले.

"हळू नाही न् बिळू नाही! दिवसभर हळू बोलून हे असं झालंय! जा, ती बॅग रिकामी कर आधी, आणि सगळं होतं तिथे ठेव. पुन्हा माळ्याकडे नुसती बघितलीस तरी याद राख!"

खारूच्या गालांवर दुपारपासून नसलेला रंग चढला. तिचा खालचा ओठ पुढे आला.

"नाही करणार!"

"काय म्हणालीस?"

"नाही करणार रिकामी! तू सारखी ओरडतेस! आणि मला न विचारता माझं काहीपण तुझ्या गोष्टीत घालायचं नाही! कळलं ना?"

असं म्हणून ती पाय आपटत आत गेली आणि दार असं आदळलं की भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं.

लेखिकाबाईंनी उठून घड्याळ सरळ केलं. सगळं संपलं होतं. यजमानांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"मॅडम, आज काय झालंय तिला कळत नाही. अहो, फार शहाणी आहे. इथे आल्यापासून एकदासुद्धा उलटून बोलली नव्हती."

"माहितेय," निरीक्षकबाई म्हणाल्या. "मागच्या अहवालात मी तेच लिहिलं होतं. काळजी वाटते, म्हणून. ज्या मुलाला वाटतं की आपल्याला कधीही काढून लावतील, ते दारं आपटत नाही." त्यांनी वहीतली एक ओळ खोडली, पेनाला टोपण लावलं आणि उठल्या. "झालं माझं काम. अहवाल उद्या जाईल."

"म्हणजे हे चांगलं झालं की वाईट?" यजमानांनी भीत भीत विचारलं.

आत काहीतरी जड वस्तू जमिनीवर आपटली. बहुधा बॅग असावी, आणि ती रिकामी केल्यासारखी वाटत नव्हती.

"चांगलं," चपला घालता घालता निरीक्षकबाई म्हणाल्या. "फक्त ती चौदा-पंधरा वर्षांची झाली, की मला फोन करू नका."