फडक्यांचे पथ्यपाणी

आमचे शेजारी दिगंबर वर्तक यांच्या हाती कोणतेही तेलकट फडके आले की ते प्रथम ते हुंगतात. मग डोळे मिटून निदान सांगतात, "डिझेल. आणि वर कुणीतरी सुरमई तळलीय." फडके आणणारा किसन नाखवा ओशाळतो, कारण बोटीचे इंजिन पुसलेल्या त्याच फडक्याने त्याने सकाळी तापलेला तवा उचललेला असतो.

ही फडकी म्हणजे साध्या सुती चिंध्या नव्हेत. गाड्या पुसण्यासाठी मिळतात ती लवदार, निळी-पिवळी मायक्रोफायबरची फडकी. काळी पडली की ती फेकून देण्याचा प्रघात आमच्या श्रीवर्धनात निर्वेधपणे चालू होता. वर्तक ती मागून घेतात, धुतात आणि नव्यासारखी करून परत देतात. मोबदला घेत नाहीत. उभा जन्म औषधांच्या दुकानात काढलेला, ते विकून स्वस्थ बसण्यास सर्वस्वी मोकळा असलेला हा विधुर गृहस्थ या उद्योगात का पडला, याचा उलगडा मला पुष्कळ दिवस झाला नव्हता.

वास्तविक मी त्यांच्याकडे विरोधी पक्ष म्हणून गेलो. त्यांच्या धुण्याचे तेलकट पाणी कुंपणाखालून माझ्या सुपारीच्या वाडीत उतरत असणार, असा माझा ग्रह झाला आणि मी त्यांना रीतसर लेखी नोटीस दिली. प्रत नगरपरिषदेस. लेखी खुलासा करण्याऐवजी वर्तक नोटीस हातात धरून स्वतःच आले व म्हणाले, "चला नाना, वॉर्ड दाखवतो."

मागील पडवीत मी जे पाहिले, ते पाहून मला नोटिशीची भाषा सुचेना. आलेले फडके प्रथम लाकडाच्या भुशात कोरडेच मळले जात होते. पाणी का नाही, असे मी विचारले. "पोट गच्च भरलंय त्याचं. आधी ओकू दे. भरल्या पोटी औषध लागू पडत नाही." भुसा तेल पिऊन काळा होतो, मग भांड्यांचा साबण थेट फडक्याला चोळून त्याला निजवले जाते, त्यानंतर कोमट पाणी. ते पाणी वर्तक कोपराने पाहतात, तान्ह्या मुलाच्या आंघोळीचे पाहावे तसे. धुण्याचे पाणी नारळाची सोडणे आणि कोळसा भरलेल्या खड्ड्यातून गाळून निघत होते. मी पुरावा म्हणून खिशातला पांढरा रुमाल त्या पाण्यात बुडवला. डाग पडावा अशी माझी मनोमन इच्छा होती. पडला नाही. मी तक्रार तेथेच उभ्याने, लेखी मागे घेतली. माझ्या हातून असे पूर्वी घडलेले नाही.

तेव्हापासून मी तेथे जात असतो, आणि जे पाहतो त्याने थक्क होतो. सुती कपड्याबरोबर हे फडके धुवायचे नाही, कारण त्याची लव हे अंगावर ओढून घेते. इस्त्री वर्ज्य. कपडे मऊ करणारा सुगंधी द्रव हा तर त्यांच्या मते सदोष मनुष्यवधाच्या तोडीचा अपराध. "या धाग्याला नखं असतात, नाना. त्या नखांनी तो मळ उचलतो. हा द्रव नखं बोथट करतो." खानावळीच्या सुलभाताईंनी एकदा उपकार म्हणून तो द्रव घातला. वर्तकांनी ते फडके ताटावर फिरवले. तेल निघण्याऐवजी नुसते पसरले. त्यांनी फडके व्हिनेगरच्या पाण्यात ठेवले आणि शेजारी खुर्ची टाकून बसून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "वाचलं. पण आता पथ्य सांभाळा." सुलभाताईंचे डोळे पाणावले होते.

एकच गोष्ट मला खटकत असे. फडके आणून देणाऱ्याला वर्तक हमखास सांगत, "उद्या ये." तो उद्या आला तर फडके चिमटीत धरून म्हणत, "जरा दमट आहे. परवा बघू." दरम्यान दुकानातून आणलेल्या जुन्या बाकावर त्याला बसवून चहा होई, गुडघ्याची चौकशी होई, मुलीच्या परीक्षेची होई. हा विनाकारण विलंब आहे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून देणारच होतो, तेवढ्यात पुण्याहून यंत्र आले.

वर्तकांच्या मुलाने फोनवर बापाचे हात पाहिले होते. धुऊन धुऊन बोटांना अशा भेगा पडल्या होत्या की फडक्याची लव त्यांत अडकत असे. त्याने तातडीने धुण्याचे यंत्र धाडले; धुणारे आणि आतल्या आत कोरडेही करणारे. त्या दिवशी वर्तक माझ्याकडे पडेल चेहऱ्याने आले.

"नाना, कंपनीला एक कडक पत्र लिहा. यंत्र मोडकं आलं म्हणून."

खोके अद्याप उघडलेलेही नव्हते. मी संतापलो. असत्य कथन करणारे पत्र माझ्या सहीने जाणार नाही, असे सुनावून मी त्यांची उलटतपासणी सुरू केली. बराच वेळ ते अंगणात वाळणाऱ्या फडक्यांकडे पाहत राहिले.

"हे वाऱ्यावर तासाभरात वाळतं, नाना. धागाच तसला आहे. दुकानात दिवसभर माणसं असायची. आजच फडकं हातात दिलं, तर तो उद्या कशाला येईल?"

मी उठलो, त्यांच्या पडवीत गेलो, खोके उघडवले आणि यंत्राबरोबरची माहितीपुस्तिका मागितली. ती कोणी वाचत नाही, मी वाचतो. तेल, डिझेल वा पेट्रोल लागलेले कापड यंत्रात घालू नये, वाळवताना ते पेट घेण्याचा धोका आहे, अशी सूचना तीत स्पष्ट छापलेली होती. मी तत्काळ मुलाला फोन लावला आणि खातेप्रमुखांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात ती सूचना दोनदा वाचून दाखवली. दुर्घटना घडल्यास जबाबदारी कोणाची, असेही विचारले. तो बिचारा नरमला. बाबांचे घरचे कपडे तेवढे यंत्रात धुवावेत, फडकी हातानेच, मात्र रबरी मोजे घालून, असे ठरले. वर्तकांनी मोजे मान्य केले.

तरीही ते निर्धास्त झाले नाहीत. "फडकी कधीच वाळलेली असतात हे लोकांना कळलं, तर परत कोण येईल हो?" असे ते पुनःपुन्हा विचारत. मी या कानाचे त्या कानाला कळू देणार नाही, असे वचन दिले.

परवा दुपारी मी त्यांच्या पडवीत एकटाच बसलो होतो. वर्तक आत मोजे धूत होते. किसन नाखवा आदल्या दिवशी दिलेले फडके न्यायला आला. ते दोरीवर फडफडत होते, खडखडीत वाळलेले. त्याने ते मुठीत दाबले, गालाला लावून पाहिले. आता सगळे उघडकीस येणार म्हणून मी काहीतरी आक्षेप घेण्यासाठी उठू लागलो.

किसनने मला हातानेच बसा अशी खूण केली. फडके पुन्हा दोरीवर टाकून नीट चिमटा लावला, बाकावर ऐसपैस बसला आणि आत हाक दिली,

"काका, वलं हाय अजून. उद्या येतो मी. च्या ठेवा."