पाच तोळे गाळ

निपाणीत परशराममामांच्या सोप्यात जाजमावर कार्ब्युरेटरचे एकोणीस भाग मांडलेले होते. त्यांखेरीज एक स्प्रिंग होती. ती कार्ब्युरेटरची नव्हे असे माझे मत होते. सकाळी ती त्यातच होती असे मामांचे. शिवाय एक परात, परातीत घासलेट, बारीक भोके साफ करायला घोड्याच्या शेपटीचा एक केस, आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, वडगावहून खास बोलावून घेतलेला एक भाचा, म्हणजे मी.

मोटारसायकलचा आजार साधा होता. ती सुरू होई, दोन फर्लांग झकास पळे, मग खोकून बंद पडे. पाव तास विसावा दिला की पुन्हा दोन फर्लांग. मामांच्या मते ती बैलासारखी वागत होती, आणि बैल दमला म्हणून त्याला कोणी सुटा करून जाजमावर मांडत नाही. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मामा तिच्या हँडलच्या दोन्ही टोकांना गेरू लावत आणि तिला पुरणपोळीही दाखवत, हे येथे नमूद केले पाहिजे.

एरवी पाव तास थांबायला कोणाची हरकत नव्हती. पण १९४३ साल होते. लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळे, आणि तालुक्याच्या इंधन कचेरीने नवा हुकूम काढला होता की कुपन फक्त चालत्या वाहनाला. निरीक्षकासमोर गाडीने घरापासून नाक्यापर्यंत आणि परत, एकूण एक मैल, न थांबता जावे. न गेल्यास ती 'अचल' ठरवून लढाईच्या कामी सरकारजमा करावी. अचल वस्तू लढाईत काय कामाची, याचा खुलासा हुकुमात नव्हता.

"केदारी, माझी गाडी न्हेतील रं," मामा म्हणाले. दोन दिवस त्यांनी आपल्या तंबाखूच्या वखारीकडे पाहिले नव्हते. "तिकडं कोण तरी हवालदार तिच्यावर बसंल. सुरू करताना लाथ घालंल. तिला लाथ सोसत न्हाय. आदी थापटावं लागतं."

मी कार्ब्युरेटर जोडला, स्प्रिंग खिशात टाकली आणि पद्धतशीर तपास सुरू केला. टाकीची नळी सोडून खाली वाटी धरली. पेट्रोल आधी धारेने आले, मग सुतासारखे, मग थेंब, मग काहीच नाही. टाकी तर अर्धी भरलेली. पाहावे म्हणून झाकण उघडले तेव्हा फुस्स झाले, आणि खाली धार पुन्हा सुरू झाली.

रोग सापडला. टाकीच्या झाकणाला सुईएवढे भोक असते. पेट्रोल खाली उतरते तितकी हवा त्यातून आत येते. हवा आली नाही तर पेट्रोल उतरत नाही. आमच्या झाकणाच्या भोकावर लाल लाख होती आणि लाखेवर राजमुकुट. परवाना असलेल्या प्रत्येक वाहनावर कचेरीने शिक्का मारला होता. मोटारींना तो पुढच्या पत्र्यावर होता. मोटारसायकलला सपाट जागा एकच सापडली.

मी सुई घेतली. मामांनी माझे मनगट धरले.

"शिक्का फोडलास तर सा म्हैने आत. आन् झाकण सैल ठेवशील तर तीन. परवान्याच्या मागं छापलंय."

निरीक्षक बसलिंगप्पा गोकाकचे. माणूस समजदार. त्यांनी माझे म्हणणे ऐकले, स्वतः झाकण उघडले, फुस्स ऐकले आणि मान डोलावली. "हौदु. टाकीगे गाळी इल्ल."

गाळी म्हणजे कानडीत हवा. टाकीला हवा नाही. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण शिक्का वेगळ्या खात्याचा असल्याने फोडण्याचा अधिकार त्यांनाही नव्हता. त्यांनी चाचणी पुढे ढकलली आणि तसा कानडीत अहवाल लिहिला : टाकीला गाळी नाही, ती मिळण्याची व्यवस्था व्हावी.

कचेरीतले भाषांतरकार नुकतेच नाशिकहून बदलून आले होते. त्यांनी अहवालाचे निष्ठेने मराठी केले. उलट टपाली हुकूम आला : 'सदर वाहनाच्या टाकीत गाळ नसल्याचे आढळले आहे. ही उणीव दूर करण्यासाठी गाळ, मध्यम प्रतीचा, तोळे पाच, मंजूर. तो पंचांसमक्ष टाकीत घालून चाचणी घ्यावी. चाचणीनंतर गाळ वजन करून परत करावा.'

मी आणि मामा सर्व्हिस मोटारीने कचेरीत गेलो. हेडक्लार्क मारुतीराव शिपायाशी कानडीत गप्पा मारत होते.

"रावसाहेब, गाळी म्हणजे हवा," मी म्हणालो.

"मला शिकवतोस व्हय रं? माझी आज्जी सदलग्याची, कानडी."

"मग तुम्हाला ठाऊक आहे की..."

"मला कानडी येतं. कचेरीला येत न्हाय. एकदा भाषांतरावर सही झाली की हवेचा गाळ झाला. आता त्याची परत हवा करायची तर वरनं मंजुरी पायजे."

"पण गाळ घातला तर गाडी बिघडेल!"

"बिघडली तर जादा गाळासाठी अर्ज करा. त्याची सोय हाय."

गाळही घरचा चालणार नव्हता. तो सरकारी डेपोतूनच घ्यायचा होता. डेपोवाल्याने पिंपांचे तळ खरवडून पाच तोळे भरले आणि आमच्याकडून लिहून घेतले की यात पेट्रोलची भेसळ करणार नाही.

चाचणीला अख्खी गल्ली जमली. मी गाळाची पुडी टाकीवर धरली आणि माझा हात हलेना. मामांनी तोंड फिरवले. तेवढ्यात नागूमामी पुढे आली.

"परत मोजून द्यायचाय न्हवं तो? मग वततोस कशाला, शिकलेल्या? आमटीत खडा मसाला सोडत्यात तसा सोड."

तिने धोतराच्या फडक्यात गाळाची पुरचुंडी बांधली, मी वडगावहून आणलेल्या सुताचा चार पदरी दोरा तिला लावला, पुरचुंडी टाकीत सोडली आणि दोऱ्याचे टोक बाहेर ठेवले. पंच म्हणाले, हुकुमात 'घालून' आहे, 'ओतून' नाही. बसलिंगप्पांनी दोऱ्यावरून झाकण स्वतः आवळले. मामांनी टाकी थापटली, कानाशी बोलावे तसे हँडलशी काही बोलले आणि निघाले.

गाडी नाक्यापर्यंत गेली. परत आली. थांबली नाही, मामा आनंदाने हात हलवत पुन्हा नाक्याकडे गेले.

"दोरा!" मी ओरडलो. "दोऱ्याच्या फटीतून हवा आत जाते आहे! गाळाचा काही संबंध नाही!"

बसलिंगप्पांना ते पटले. पण पंचांमध्ये तपासाची वृत्ती जागी झाली होती. त्यांनी पुरचुंडी काढून झाकण आवळायला लावले. गाडी दोन फर्लांगांवर बंद पडली. पुरचुंडी घातली, मैलभर पळाली. काढली, बंद. घातली, पळाली.

"यालाच कालिजात प्रयोग म्हणत्यात न्हवं?" मारुतीरावांनी विचारले. ते मुद्दाम पाहायला आले होते.

"म्हणतात."

"मग निष्कर्ष लिवा. तुमची सही लागंल. विज्ञानाचा पदवीधर म्हणून."

"नुसता दोरा सोडून बघू. गाळाशिवाय."

"नुसत्या दोऱ्याला मंजुरी कुठाय?"

मी मामांकडे पाहिले. ते हँडलचा गेरू उपरण्याने हळूहळू पुसत होते आणि माझ्याकडे अजिबात पाहत नव्हते. मी सही केली.

आमच्या गाडीला कुपने मिळाली. गाळाचे परिपत्रक तालुकाभर गेले. पहिल्या आठवड्यात दोन मोटारवाल्यांनी गाळ मागितला, दुसऱ्यात पिठाच्या गिरणीने. मग बोरगावच्या एका सद्गृहस्थांनी शिवणयंत्रासाठी अर्ज केला आणि एका हेडमास्तरांनी गणितात मागे पडणाऱ्या वर्गासाठी. गाळाची टंचाई झाली. गाळात पेट्रोल मिसळून विकणारे दोघे पकडले गेले. विज्ञानाच्या पदवीधराची सही परिपत्रकाखाली छापली होती, त्यामुळे शंका कोणी घेतली नाही. माझ्या वडिलांनीही वडगावहून लिहिले की हातमागासाठी जमल्यास थोडा आण.

परिपत्रकाप्रमाणे गाळ आता टाकीतच ठेवायचा आणि दर महिन्याला बदलून घ्यायचा होता, म्हणून मी डेपोवर गेलो. रांग नाक्याच्या पुढे गेली होती. माझ्या पुढच्या गृहस्थाला मी विचारले, "आप्पा, तुमच्याकडे कुठली गाडी?"

"गाडी न्हाय."

"मग गाळ कशाला?"

"लोक घ्याय लागल्यात," तो म्हणाला आणि माझ्या हाताकडे पाहून त्याने विचारले, "तू दोन भांडी आणलीस व्हय?"

वाट पाहताना मी रांग मोजली. मला धरून माणसे एकशे सतरा, भांडी एकशे अठरा, मोटारसायकल एक.