पंडित काकांचा झेल

"ज्याला क्रिकेट कळतं, त्याला जगातला कुठलाही चेंडूचा खेळ कळतो," असं प्रणिताने मे महिन्यातल्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, हातात साबुदाणा वड्याची प्लेट घेऊन, ओहायोतल्या डब्लिन गावच्या पंचवीसेक मराठी माणसांसमोर जाहीर करून टाकलं. तिचा नवरा गिरीश त्याच क्षणी चटणी आणायला म्हणून तिथून सटकला. बायको असं काही जाहीर करते तेव्हा त्याचा शेवट आपल्या वीकेंडवर होतो, हे त्याला बावीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

विषय निघाला होता पंडित काकांचा. काका एकोणऐंशी वर्षांचे. चौऱ्याहत्तर साली इथे आले. जन्मभर ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल द्यायचं काम केलं आणि उरलेल्या वेळात बेसबॉल पाहिलं. गिरीशच्या मते दोन्ही एकच. शहरात मोठ्या लीगच्या खालची, होतकरू पोरांची एक टीम होती. पाऊस असो, ऊन असो, काका तिच्या मॅचला हजर. पण मार्चमध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, एप्रिलमध्ये त्यांनी गाडी शेजारणीच्या ट्युलिप्समध्ये पार्क केली, आणि मुलाने, अमेयने, कॅलिफोर्नियातून फोनवर किल्ल्या जप्त केल्या. त्यात ऑगस्टअखेर काका आणि शीला काकू कायमचे अमेयकडे फ्रीमाँटला जाणार होते. म्हणजे स्टेडियमचा हा शेवटचा उन्हाळा, आणि न्यायला कोणी नाही.

"जायचं दुःख नाही गं," काका म्हणाले. "पण एक बॉल झेलायचा राहिला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. बेसबॉलमध्ये जोरात मारलेला बॉल प्रेक्षकांत येतो. तो झेलायला लोक घरून ग्लव्ह घेऊन जातात. काका एकावन्न वर्षं नेत होते. बॉल डावीकडे आला, उजवीकडे आला, पुढच्या रांगेत आला. एकदा तर ते हॉट डॉग आणायला उठले आणि बॉल थेट त्यांच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला.

"त्या ग्लव्हला दर मार्चमध्ये खोबरेल तेल चोळतात," शीला काकू म्हणाल्या. "माझ्या केसांना एवढं चोळलं असतं तर आज अंबाडा असता."

"मी नेईन काका तुम्हाला," प्रणिता म्हणाली. "झेलल्याशिवाय फ्रीमाँटला पाठवणार नाही."

"तुला कळतं का बेसबॉल?"

यावर ते सुरुवातीचं वाक्य आलं.

आता खरं सांगायचं तर प्रणिताचं क्रिकेट म्हणजे सांगलीच्या गल्लीतलं. मोठा भाऊ मोहन आणि त्याचे मित्र तिला टीममध्ये घ्यायचे ते एकाच कामासाठी. बॉल शेजाऱ्यांच्या परसात गेला की पेरूच्या झाडावरून उडी मारून तो शोधायचा आणि परत फेकायचा. बॅट तिच्या हातात कधी आली नाही, पण दहा वर्षांत हात असा तयार झाला की दोन परसांपलीकडून फेकलेला बॉल विटांच्या स्टंपवर बसायचा.

पहिल्या तीन मॅचेस तिला काडीचं कळलं नाही.

"हा न मारताच चालत का निघाला?"

"चार बॉल खराब पडले, म्हणून फुकट पहिल्या बेसवर."

"म्हणजे वाइड."

"वाइड नाही गं."

"मग नो-बॉल."

"प्रणिता, पॉपकॉर्न खा."

पण चौथ्या मॅचला तिला गोडी लागली. जूनच्या शेवटी तिच्या फोनवर स्कोअरची दोन अ‍ॅप्स होती, डोक्यावर टीमची टोपी होती आणि ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये ती "काल आपला पिचर लवकर दमला" अशी सुरुवात करायला लागली होती. सोळा वर्षांच्या सियाने "ममा, सॉकर इज वे बेटर" म्हटल्यावर ती सॉकरलाही जायला लागली. मंगळवारी बेसबॉल, शनिवारी सॉकर. गिरीश घरी वरण-भात लावायला शिकला.

सॉकरच्या एका मॅचला बॉल उडून थेट तिसऱ्या रांगेत आला, प्रणिताच्या पायाशी. तिने उचलला आणि मोहनच्या आठवणीने असा भिरकावला की लाइनवर उभ्या असलेल्या खेळाडूच्या छातीवर जाऊन बसला. त्याने अंगठा दाखवला. सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या. सियासुद्धा आईकडे दोन सेकंद आदराने बघत राहिली. प्रणिताला फार बरं वाटलं. गल्लीतलं क्रिकेट असो की इथलं सॉकर, बॉल आपल्याकडे आला की परत करायचा. सगळीकडे माणसं सारखीच.

बेसबॉलमध्ये काय करतात हे विचारायची वेळच आली नाही. कारण जून गेला, जुलै गेला, काकांच्या आसपास बॉल फिरकला नाही.

आणि उजाडला काकांचा शेवटचा रविवार. त्यानंतर टीम दोन आठवडे बाहेरगावी, तोवर काका फ्रीमाँटला. दुपारची मॅच, उन्हाचा नुसता तवा. प्रणिताने टीमची टोपी घरी ठेवून मोठी वेताची हॅट घातली होती. स्टेडियममध्ये आरपार दिसणारीच पिशवी न्यावी लागते, त्यामुळे तिच्या पिशवीतलं सनस्क्रीन, काकांची औषधं आणि गुंडाळलेल्या चार गुळपोळ्या सगळ्या जगाला दिसत होत्या. काका डाव्या हातात ग्लव्ह घालून पहिल्यापासून ताठ बसले होते. मुंजीतला बटूसुद्धा इतका ताठ बसत नाही.

"काका, पाणी?"

"नको."

"पोळी?"

"एका हाताने खाता येणार नाही."

सातव्या डावात एक नवा पोरगा बॅटिंगला आला. आठवड्यापूर्वी टीममध्ये आलेला, ओठावर अजून मिसरूड नाही. त्याने दुसऱ्याच बॉलला असा टोला हाणला की सगळं स्टेडियम उभं राहिलं. बॉल वर गेला, थांबल्यासारखा वाटला, आणि खाली यायला लागला तो थेट यांच्याकडे. काका उठले. प्रणिताला फक्त एवढंच दिसलं की एक दगडासारखी वस्तू, नुकतीच डोळ्यांची ऑपरेशनं झालेल्या एकोणऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडावर येते आहे. तिने हॅट काढली, काकांच्या तोंडासमोर धरली, आणि धप्पकन आवाज झाला.

बॉल हॅटमध्ये होता.

आजूबाजूच्या दोनशे माणसांनी एकदम आरोळी ठोकली. कोणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. समोरच्या मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा आला, सिंहगडाएवढा. आणि खाली मैदानात दुसऱ्या टीमचा फील्डर वर बघत उभा. प्रणिताला वाटलं, बिचारा बॉलची वाट बघतोय, खेळ अडलाय.

तिने हात मागे घेतला आणि बॉल फेकला. सुरेख फेक. कुंपणावरून, थेट फील्डरच्या पुढ्यात एक टप्पा.

आरोळीची जागा शांततेने घेतली. मग हळूहळू, एका कोपऱ्यातून सुरू होऊन, सगळं स्टेडियम "बू" करायला लागलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

पुढच्या रांगेतला ढेरपोट्या माणूस मागे वळला. त्याने तिला अतिशय संथपणे, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. बेसबॉलमध्ये बॉल आपला असतो. घरी नेतात, कपाटात ठेवतात, नातवंडांना दाखवतात. परत फेकतात तो फक्त शत्रूचा, अपमान म्हणून. आणि हा होता आपल्या पोराचा या टीमसाठीचा पहिला होम रन, म्हणजे क्रिकेटमधली सिक्सर.

पडद्यावर आता तिची फेक स्लो मोशनमध्ये दाखवत होते. पुन्हा. आणि पुन्हा. प्रणिताने काकांकडे पाहिलं. काका खाली बसले होते. ग्लव्ह मांडीवर पालथा पडला होता.

"काका, मला माहीत नव्हतं हो."

"चालायचंच," काका म्हणाले.

घरी जाताना पूर्ण पंचवीस मिनिटं ते हायवेच्या पाट्या वाचत बसले. उतरताना "थँक यू" म्हणाले. आपल्या माणसाने थँक यू म्हणावं, म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते प्रणिताला कळलं.

संध्याकाळपर्यंत त्या फेकीचा व्हिडिओ सियाच्या शाळेत पोचला. "ममा, दे कॉल यू हॅट आंटी," सियाने सांगितलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आपल्या संस्कारांनुसार बॉल परत करणंच योग्य. दुसऱ्याचं म्हणणं, वीस वर्षं इथे राहून माणसाने थोडं तरी शिकावं. पॉटलकची तारीख विचारायला आलेल्या एका बाईने दोन्हीकडे अंगठा दिला. काकांनी काहीच लिहिलं नाही. प्रणिताने फोन केला तर काकू उचलायच्या आणि म्हणायच्या, "ते बागेत आहेत." तीन वेळा बागेत. त्यांच्या बागेत एक कढीपत्त्याची कुंडी होती.

"मी तो बॉल परत आणणार," चौथ्या दिवशी प्रणिताने गिरीशला सांगितलं.

"कुठून?"

"टीमच्या ऑफिसातून."

"ई-मेल कर."

"ई-मेलने कामं होत नाहीत. माणूस गाठावा लागतो."

तिने बेसनाचे एकवीस लाडू केले, अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि स्टेडियमच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. काउंटरवरच्या मुलीने मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "यू आर द हॅट लेडी." तिने आतून आणखी चौघांना बोलावलं. पाचही जणांनी प्रणिताबरोबर फोटो काढले. तेवढ्या वेळात लाडवांचा डबा उघडला गेला.

तो बॉल मात्र मिळणार नव्हता. पहिल्या होम रनचा बॉल त्या पोराला दिला होता आणि पोराने तो आईला पाठवून दिला होता.

प्रणिता काउंटरला धरून उभी राहिली. नियमाशी भांडता आलं असतं, मॅनेजरशी भांडता आलं असतं. कोणा पोराच्या आईशी काय भांडणार?

तिने मग सगळं सांगितलं. काका, एकावन्न वर्षं, खोबरेल तेल, फ्रीमाँट. काउंटरवरची मुलगी तिसरा लाडू खाता खाता ऐकत होती. ती आत गेली आणि त्याच मॅचमध्ये वापरलेला दुसरा एक बॉल घेऊन आली. एका बाजूला मातीचा डाग, दुसऱ्या बाजूला बॅटचा ओरखडा. होम रन नाही, पण खरा.

मॅचनंतर अकराव्या दिवशी प्रणिता तो बॉल घेऊन काकांच्या घरी पोचली. दारात सामान नेणाऱ्यांचा ट्रक उभा होता. सोफा लॉनवर होता आणि काका सोफ्यावर, सोफा ट्रकमध्ये चढायची वाट बघत.

तिने बॉल त्यांच्या हातात ठेवला आणि एका दमात सगळी हकिकत सांगितली.

काकांनी बॉल फिरवून पाहिला. "छान आहे. पण एवढा खटाटोप कशाला केलास?"

"मी तुमचा बॉल परत फेकला ना."

"फेकलास तर फेकलास. मी तो ठेवणार कुठे होतो? सूनबाईने सांगितलंय, टाउनहाउस लहान आहे, शोभेच्या वस्तू आणू नका."

"मग अकरा दिवस बोलला का नाहीत माझ्याशी?"

काकांनी बॉलची शिवण अंगठ्याने चाचपली.

"तो माझा झेल होता गं," ते म्हणाले. "सरळ माझ्याकडे येत होता. नव्या डोळ्यांनी मला त्याची लाल शिवण दिसत होती. इतका स्पष्ट बॉल मी जन्मात पाहिला नव्हता. मी ग्लव्ह वर केला. आणि पुढे एकदम हॅट."

"तुम्हाला लागेल म्हणून हो काका..."

"तेच तर. रागावता येईना, म्हणून बागेत जात होतो."

प्रणिताने काकांच्या हातातून बॉल घेतला आणि म्हणाली, "ग्लव्ह कुठे आहे?"

ग्लव्ह 'किचन, काचेचं' लिहिलेल्या खोक्यात सापडला. काका तो घालून घराच्या पायऱ्यांपुढे उभे राहिले. प्रणिता पार रस्त्याच्या कडेच्या मेपलखाली गेली. सामान नेणारे दोघे फ्रिज अर्ध्यात टेकवून बघायला थांबले.

"उंच फेक," काका ओरडले. "दया दाखवू नकोस."

तिने दया दाखवली नाही. बॉल मेपलच्या शेंड्यावरून गेला, उन्हात चमकला आणि खाली यायला लागला. काका एक पाऊल मागे सरकले. आणखी एक. डोळे बॉलवर, ग्लव्ह वर, तोंड किंचित उघडं. बॉल अगदी नेमका येत होता. आणि त्याच वेळी शीला काकू एका हातात पॅकिंगची टेप घेऊन दारातून बाहेर आल्या, त्यांनी वर पाहिलं, पायरीवरूनच दुसरा हात लांब केला आणि काकांच्या ग्लव्हच्या वीतभर वर बॉल टपकन धरला. नुसत्या हातात.

फ्रिजवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काय हे," काकू म्हणाल्या, "लागला असता ना तुम्हाला."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग लांबून प्रणिताकडे पाहिलं. मग रिकाम्या ग्लव्हमध्ये पाहिलं.

"प्रणिता," ते शेवटी म्हणाले, "परत फेक. पण आधी हिला आत नेऊन बसव."

पण काकू आत जायला तयार होईनात, आणि बॉलही सोडीनात. लग्नाला पंचावन्न वर्षं झालेली ती दोघं पायरीवर उभी राहून एकमेकांशी हुज्जत घालायला लागली. प्रणिता मेपलखालून दोन पावलं पुढे आली, थांबली, आणि या वेळी तरी मधे पडायचं नाही असं तिने ठरवलं.