चौदा पायऱ्यांचा करार

अर्जदार: विश्वनाथ रामचंद्र, वय पन्नाशीच्या आतबाहेर, धंदा अर्जलेखन, बैठक कल्याणच्या कचेरीबाहेरील पिंपळाखाली, शिक्षण मराठी पाच इयत्ता पूर्ण व सहावीची तयारी पूर्ण.
जाब देणार: तोच अर्जदार.
ज्यांचे नुकसान झाले ते: दत्तोपंत, चित्रकलेचे मास्तर, राहणार डोंबिवली.
साक्षीदार: दत्तोपंतांच्या थोरल्या भगिनी अक्का, आणि लाकडाच्या वखारीतला तोलणारा कोंडिबा.
घटनेचा काळ: आषाढापासून भाऊबीजेपर्यंत.
अर्ज कोणास: अक्कांच्या चाळीचे मालक गणूशेठ यांस, सर्व वाचकांच्या समक्ष.

समक्ष म्हणण्याचे कारण असे की, गणूशेठचे सगळे कागद मीच लिहितो आणि मीच त्यांस वाचून दाखवितो. हा एक कागद तरी चारचौघांत वाचला जावा, म्हणजे मला मधली एखादी ओळ गाळता येणार नाही.

विनंती अर्ज ऐसा जे, दर रविवारी सकाळी बहिणीच्या घरी जाऊन अर्ध्या जिन्यातच बसणारा, तिथेच काकडी खाणारा आणि तिथूनच तिच्याशी ओरडून बोलणारा इसम दत्तोपंतांखेरीज माझ्या पाहण्यात नाही. वर या म्हटले तर म्हणत, "आजचा मुक्काम इथंच. पुढची पायरी पुढच्या रविवारी."

हे कसे घडले ते क्रमाने निवेदन करतो.

अक्का विधवा, एकट्या, चाळीच्या माडीवर राहतात. त्या लाकडी जिन्यावरूनच पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. तेव्हापासून घरात काठी टेकीत स्वयंपाक करतात, पण जिन्याच्या तोंडाशी येत नाहीत. दुरून जिना पाहिला तरी त्यांना घाम फुटतो. रविवारी त्यांच्याकडे जेवावयास दत्तोपंत जात आणि त्यांच्याबरोबर मी. माझी पत्नी निवर्तून बरीच वर्षे झाली. आठवड्यातले सहा दिवस मी खाणावळीत जेवतो. त्या प्रकाराला जेवण हा शब्द मी अर्जात तरी वापरणार नाही.

आषाढातल्या एका रविवारी आम्ही दोघे जिना चढत असता नववी पायरी कडाडून मोडली. पुढे मी होतो, मागे दत्तोपंत. पाय माझा होता. हे वाक्य लिहावयास मला चार महिने लागले.

गणूशेठ धावत आले. "मास्तर, जिना मोडला त मना नवा कोन बांधून देल? आधीच एक बाई यावरनं परली!"

त्यांनी मलाच कागद करावयास सांगितले. मी दत्तोपंतांकडे पाहिले. ते अडीच मण वजनाचे, रुंद, घामाघूम, आणि गप्प. मी बोरू शाईत बुडविला आणि लिहिले: "सदरहू पायरी दत्तोपंत यांच्या देहभाराने भंग पावली, सबब उक्त इसमाने जिन्यावर पाऊल ठेवू नये." माझ्या हयातीत एवढे गोटीबंद वाक्य दुसरे उतरले नाही.

दत्तोपंतांनी कागद वाचला आणि विचारले, "भाऊबीजेला काय करायचं? आजवर एकदाही चुकलेली नाही."

गणूशेठ निर्दय नाहीत. बऱ्याच घासाघिशीनंतर करार ठरला. पायरी दुरुस्त होईल. दत्तोपंतांनी एक शेर वजन उतरवावे की एक पायरी मोकळी. पायऱ्या चौदा. वजन वाढल्यास त्या मानाने खाली उतरावे. तोल दर शनिवारी वखारीत.

दुसरा कोणी चौदा शेरांचा आकडा ऐकूनच खाटेवर पडला असता. दत्तोपंतांनी घरी जाऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस रंगीत खडूने जिना काढला आणि पायथ्याशी स्वतःला काढले, पोटासकट. दर शनिवारी ते चित्रातल्या स्वतःला पुसून एक पायरी वर काढीत. पोटही थोडे पुसत. कधी कधी तराजूपेक्षा जास्तच पुसत.

मी विचारले, "चौदावी पायरी का रंगवली नाहीत?"

"ती बघितली की चक्कर येते, विश्वनाथराव. माणसानं पुढची तेवढी बघावी."

ते पहाटे कोपरच्या खाडीपर्यंत चालत जात, भात मोजून दोन मुठी घेत आणि गोड दिसले की खिशातला खडू हुंगत. पण त्यांना खरी ओढ होती ती जिन्याची. चौथ्या पायरीवरून अक्कांचा आवाज स्पष्ट येई, सातवीवरून त्यांची पावले दिसत, अकरावीवरून पोळी लाटणारे हात. "या खेपेला पावलं मिळाली," असे ते एखाद्या इनामासारखे सांगत. गणपतीत मोदकांनी त्यांना दोन पायऱ्या खाली आणले आणि पावले गेली. त्या रविवारी ते काकडीदेखील न खाता बसून राहिले.

मी निर्दोष ठरलो असल्यामुळे त्यांना ओलांडून वर जात असे. मी वर पुरणपोळी खात असे, खाली त्यांची काकडी करकर वाजे. अक्का ओरडत, "दत्तू, आज वास येतोय का रे?"

"येतोय गं! वासाला वजन नसतं!"

"विश्वनाथराव, तुम्ही का थांबलात? तूप वाढू?"

मी थांबलेला असे, ही गोष्ट खरी. मी तूप घेत असे, हीही खरी.

आता वखारीतला प्रसंग. एका शनिवारी मोठी वजने दुसरीकडे गुंतली होती. कोंडिबा म्हणाला, "अर्जवाले, तुम्हीच बसा की पल्याडच्या पारड्यात. अंदाज तरी येईल." दत्तोपंत एका पारड्यात बसले. दुसऱ्यात मी, देहाने किंचित भरीव असल्याने, जपून टेकलो. माझे पारडे दाणकन जमिनीला लागले आणि दत्तोपंत पाय हलवीत वर लोंबकळू लागले. वखारीत हशा पिकला. "तराजू सदोष आहे," मी म्हणालो, "मी वर अर्ज करीन."

"वर तर मास्तर गेलेत," कोंडिबा म्हणाला. "तुम्ही खालीच हाय."

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी शेवटचा तोल झाला. तेरा शेर उतरले होते. चौदाव्याला अर्धा शेर कमी पडला.

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत धुतलेला सदरा घालून तेराव्या पायरीवर उभे राहिले. गणूशेठ खाली होते. मी म्हणालो, "शेठ, अर्धा शेर सोडा."

"अर्जवाले, कागद तुमच्या हातचा. मी मोडला त उद्या तुमच्या कागदाला कोन विचारल?"

तेव्हा मी चढलो आणि दत्तोपंतांच्या कानाशी म्हणालो, "मी आता शेठना सांगतो. ती पायरी—"

"गप्प बसा," ते मागे न पाहता हळूच म्हणाले. "मला माहीत आहे. तुमच्या मागं मीच होतो ना?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मला बंदी झाली तरी अक्का ओरडून बोलते. तुम्हाला झाली असती, तर रविवारी जेवला कुठं असता?"

माझा हात आपसूक खिशातल्या बोरूकडे गेला. धंदा माझा शब्दांचा.

तेवढ्यात वर काठी वाजली. ती वाजत जिन्याकडे येत होती. दत्तोपंत ओरडले, "अक्का, नको! पडशील!"

"तू तेरा चढलास," आवाज आला, "मी एवढं अंतर यायला नको?"

अक्का कठड्याला धरून जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि मटकन खाली बसल्या. चेहरा घामाने भिजला होता. खाली एकदाही न पाहता त्यांनी ताट ओढले, वाकून दत्तोपंतांच्या कपाळाला कुंकू लावले आणि ओवाळले. तेराव्या पायरीपर्यंत त्यांचा हात पुरला. गणूशेठांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"विश्वनाथराव, पुढं या," अक्का म्हणाल्या. "तुम्हालाही ओवाळते."

मी पुढे गेलो नाही. उलट पायऱ्या मोजीत खाली उतरलो.

तरी गणूशेठ यांस विनंती की, नववी पायरी सदर अर्जदाराच्या देहभाराने भंग पावली असे कागदात दुरुस्त करावे; दत्तोपंतांस चौदावी पायरी विनाअट मोकळी करावी; आणि बंदी, त्याच करारासह, अर्जदाराच्या नावे चढवावी. माझा तोल येत्या शनिवारी घेण्यात यावा. वजने मोठी लागतील, कोंडिबास आगाऊ कळवावे.

उत्तर लेखी मिळावे, आणि ते कृपा करून दुसऱ्या कोणाकडून लिहवून घ्यावे. तोपर्यंत अर्जदार दर रविवारी जिन्याच्या पायथ्याशी, पहिल्या पायरीच्या अलीकडे, हजर राहील.