सलग दिवस : १,१४२

माणसाला स्वातंत्र्य मनापासून हवं असतं, फक्त ते घरी येऊन बसवून देणारा कुणीतरी ओळखीचा लागतो.

निरीक्षक हा असा ओळखीचा माणूस होता. नोकरीने तो वजनमाप निरीक्षक. दुकानांतले तराजू तपासायचे आणि शिक्का मारायचा, हे त्याचं काम. किलोमागे पाच ग्रॅमची खोट त्याच्या नजरेतून सुटत नसे. उरलेल्या वेळात तो लोकांचे संगणक मुक्त करी. मुक्त करणे म्हणजे विकतची प्रणाली पुसून तिच्या जागी ओपन सोर्स प्रणाली बसवणे. या प्रणालीचा कोड कुणालाही वाचता येतो (कुणी वाचल्याची नोंद नाही), कुणालाही बदलता येतो आणि ती कुणाच्या बापाची नसते. आजवर त्याने एकोणतीस संगणक मुक्त केले होते. पैकी सत्तावीस समाधानी होते. हा आकडा संगणकांचा आहे. मालकांची मोजणी अद्याप झालेली नाही.

‘पण त्यावर गेम चालतात का हो?’ असं प्रत्येक जण विचारी. निरीक्षकाचं उत्तर ठरलेलं असे. ‘सगळे चालतात.’

‘चालतो’ या शब्दाची व्याख्या त्याने नीट विचार करून केली होती. खेळ उघडला तर चालतो. उघडून बंद पडला तरी चालतो, कारण बंद पडण्याआधी तो चालतच होता. आवाज येत नसेल तर शांतपणे चालतो. मुळीच उघडला नाही तर पुढच्या आवृत्तीत चालतो. तो स्वतः बस चालवण्याचा एक खेळ खेळत असे. मुक्त प्रणालीवर त्यातली बस डावीकडे वळत नसे. सतरा महिन्यांत निव्वळ उजवी वळणं घेत त्याने त्या शहरातले सगळे थांबे गाठले होते, आणि एकाही उतारूने तक्रार केली नाही हे तो पाहुण्यांना आवर्जून सांगे.

तो राहत असे त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, त्याच्या सासूबाई राहत. त्यांचा संगणक मात्र अजून पारतंत्र्यात होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी बजावलं होतं, “जावईबापू, माझ्या संगणकाला हात लावायचा नाही. हातांना फारच काम हवं असेल तर मिक्सर बिघडलाय.”

सासूबाई त्या संगणकावर एकच गोष्ट करत. पेशन्स, म्हणजे एकट्याने लावायचा पत्त्यांचा डाव. रोज एक डाव जिंकायचा. जिंकला की तुतारी वाजे आणि पडद्याच्या कोपऱ्यातला ‘सलग दिवस’ हा आकडा एकने वाढे. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. तो शून्यावर कधीच आला नव्हता. गावी राहणारी त्यांची थोरली बहीण, जिला सगळे माई म्हणत, तीही हाच खेळ खेळे. रोज संध्याकाळी सहाला फोनवर दोघी आपापला आकडा सांगत. मग तब्येत, हवा वगैरे किरकोळ विषय होत. सासूबाई माईंच्या चाळीस दिवस पुढे होत्या, कारण माईंनी सुरुवातच चाळीस दिवस उशिरा केली होती. त्या चाळीस दिवसांसाठी माईंनी स्वतःला अजून माफ केलेलं नव्हतं.

आकडा १,१३२ वर असताना सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी दहा दिवस पडद्याकडे बघायला सक्त मनाई केली. घरात रिकामा वेळ असलेला माणूस एकच होता. सासूबाईंनी नाइलाजाने त्याला बोलावलं.

“रोज एक डाव. जिंकायचा. बाकी कशालाही हात लावायचा नाही.”

“आई, काही काळजी करू नका.”

“तीच तर करतेय,” सासूबाई म्हणाल्या आणि काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसल्या.

पहिल्या दिवशी निरीक्षक लागोपाठ पाच डाव हरला. मग त्याने शास्त्रशुद्ध विचार केला. पत्ते बावन्नच होते. खेळणारा सुशिक्षित होता. सबब दोष प्रणालीत होता. त्या दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, आणि बावीस मिनिटांत त्यांचा संगणक मुक्त झाला. खबरदारी म्हणून त्याने आधी सगळे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या आणि भिशीच्या बायकांची यादी यांच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. ‘सलग दिवस’ हा फोटोही नव्हता, चिठ्ठीही नव्हती आणि भिशीतली बाईही नव्हती, त्यामुळे त्याची प्रत निघाली नाही.

संगणक पूर्वी चार मिनिटांत सुरू व्हायचा, तो आता अकरा सेकंदांत झाला. मुक्त प्रणालीत पेशन्सही होता. एक नाही, चौऱ्याऐंशी प्रकारचा. पत्त्यांच्या पाठीला एकोणीस रंग. कोपरा तेवढा रिकामा होता. निरीक्षकाने शोध घेतला तेव्हा कळलं की असा आकडा असावा अशी मागणी अकरा वर्षांपूर्वीच झाली होती, आणि ‘खेळाडूचे दिवस मोजण्याचा अधिकार खेळाला नाही’ अशा तात्त्विक भूमिकेवरून ती फेटाळण्यात आली होती. ही भूमिका निरीक्षकालाही एरवी पटली असती.

“झाला का डाव?” खुर्चीतून आवाज आला.

“झाला, आई.”

“तुतारी नाही ऐकू आली ती?”

“आता ती आतल्या आत वाजते,” निरीक्षक म्हणाला. संगणकाचा आवाज खरोखरच बंद पडलेला असल्यामुळे हे विधान त्या दिवसातलं त्यातल्या त्यात खरं होतं.

संध्याकाळी सहाला फोन लागला. “अकराशे तेहेतीस हो, माई!” सासूबाई म्हणाल्या. “जावयाने खेळून दिला. नाही नाही, वाटतो तितका वाईट नाहीये तो.”

वर आल्यावर बायकोने त्याला गाठलं. तिला सगळं कळलं होतं, कारण तो पाणीसुद्धा उभ्याने प्यायला होता.

“अहो, सांगून टाका तिला.”

“सांगणारच आहे. आधी दुरुस्त होऊ दे, म्हणजे सांगायला काही उरणार नाही.”

“तुमच्या शिक्क्यावर विसंबून लोक साखर घेतात,” बायको म्हणाली.

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी कामावर त्याने एका वाण्याचा तराजू चार वेळा तपासला. खोट निघाली नाही, आणि त्याला उगीचच स्वतःची लाज वाटली.

आता त्याच्यापुढे दोन मार्ग होते. कोड मुक्त असल्यामुळे सासूबाईंच्या संगणकापुरता आकडा त्याला गुपचूप घुसवता आला असता. पण गुपचूप आकडा घालणं ही लबाडी. शिवाय पुढच्या अपडेटमध्ये ती पुसली गेली असती, हा आणखी मोठा दोष. उलट, तोच आकडा रीतसर अर्ज करून, जगभरच्या स्वयंसेवकांपुढे ठेवून, चर्चा घडवून मूळ खेळातच घालून घेतला तर त्याला योगदान म्हणतात. निरीक्षकाने योगदान द्यायचं ठरवलं.

प्रस्तावात त्याने लिहिलं की खेळात ‘सलग दिवस’ हा मोजक असावा. रोजच्या विजयाने तो एकने वाढावा. आणि त्याची सुरुवात १,१४२ पासून व्हावी. (दहा दिवसांची तरतूद आधीच धरली होती.) खाली सही: वजनमाप निरीक्षक.

हा खेळ अकरा वर्षं विनामोबदला सांभाळणाऱ्या गृहस्थांचं टोपणनाव ‘घुबड’ होतं. त्यांनी प्रस्ताव चर्चेला खुला केला. चर्चा सहा दिवस चालली. चौदा स्वयंसेवकांनी दोनशे एकतीस संदेश लिहिले. त्यांतले एकशे अठरा आकड्यात स्वल्पविराम असावा की नसावा यावर होते. सत्तर संदेश मोजक डाव्या कोपऱ्यात हवा की उजव्या यावर. एकेचाळीस संदेशांत दोन जुन्या सभासदांनी पूर्वीच्या एका भांडणाचा हिशेब चुकता केला. एक संदेश चुकून आलेल्या लग्नाच्या निमंत्रणाचा होता. (त्यालाही तिघांनी पाठिंबा दिला.) सुरुवातीचा आकडा ज्याचा त्याला ठरवता यावा, अशी सूचना आली असती, पण त्यासाठी सेटिंगची नवी खिडकी लागली असती, आणि खिडक्यांचा निर्णय घेणारी समिती आपापसांत न बोलण्याच्या अवस्थेत होती.

उरलेल्या एका संदेशात कुणीतरी विचारलं होतं, ‘१,१४२ हा आकडा कुठून आला?’

निरीक्षकाने उत्तर दिलं, ‘प्रत्यक्ष वापरातून.’

त्याखाली घुबडांनी लिहिलं, ‘मापाचा माणूस आहे. तपासूनच दिला असेल.’ आणि प्रस्ताव मंजूर केला. ते वाक्य निरीक्षकाने चार वेळा वाचलं. पण मंजुरी ती मंजुरी. त्याने आभार मानले.

इकडे सासूबाई रोज संध्याकाळी अकराशे चौतीस, अकराशे पस्तीस करत माईंना आकडे सांगतच होत्या. अकराव्या दिवशी सकाळी अपडेट आलं. डॉक्टरांनी चष्मा काढायला परवानगी दिली. सासूबाईंनी नव्या डोळ्यांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग जावयाचा चेहरा वाचला, मग संगणकापाशी जाऊन कोपरा वाचला. सलग दिवस : १,१४२.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

सगळं कबूल करण्यासाठी निरीक्षकाने तोंड उघडलं. सासूबाईंनी त्याच्यापुढे चहाचा कप धरला. उघडलेल्या तोंडाचा त्याने चहासाठी उपयोग केला.

पंधरा-सोळा दिवस निर्विघ्न गेले; प्रणाली बदलल्याचं सासूबाईंनी ओळखलं होतं, पण अकरा सेकंदांपुढे त्यांची तक्रार नव्हती. मग एका सकाळी सासूबाई जिना चढून वर आल्या.

“जावईबापू, तुमचं हे स्वातंत्र्य चांगलं आहे, पण त्यातलं घड्याळ हट्टी आहे. मागे केलं की आपोआप पुढे येतं.”

“ते इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं, आई. पण मागे कशाला करायचं?”

“काल माझा डाव राहिला.”

“मग?”

“मग काय? संगणकाला कालची तारीख द्यायची, डाव खेळायचा आणि आजच्यात परत यायचं. जुन्यात बरं जाता येत होतं.”

निरीक्षक खुर्चीत बसला. “किती वेळा… जाता येत होतं?”

“आता लग्नकार्यं असतात, ताप येतो, दिवे जातात. शंभरेक वेळा गेले असेन. कोण मोजतंय?”

मोजणं हीच ज्याची नोकरी, त्याने ही मोजणी सोडून दिली. मग त्याला एकदम हलकं वाटलं आणि त्याने सगळं सांगून टाकलं: पाच डाव, बावीस मिनिटं, रिकामा कोपरा, घुबड. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे दहा दिवसांत तुम्ही एकही डाव जिंकला नाहीत?”

“एकही नाही.”

“अहो, मग मला विचारायचंत. डोळे मिटून सांगितलं असतं मी, कुठला पत्ता कुठे ते. तेवढीच माझी करमणूक झाली असती.” त्या उठल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, “माईला यातलं अक्षर कळता कामा नये.”

घड्याळाने वडीलधाऱ्या माणसांचं ऐकावं, असा नवा प्रस्ताव निरीक्षकाने त्याच आठवड्यात दाखल केला. तो विचाराधीन आहे.

पण सासूबाईंनी फोनवर अकरा सेकंदांचं इतकं कौतुक केलं होतं की महिनाअखेरीला माईंचंच बोलावणं आलं. निरीक्षकाने गावी जाऊन एकतिसावा संगणक मुक्त केला. माईंचा स्वतःचा आकडा त्या दिवशी १,११९ होता. मुक्त संगणकाच्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे १,१४२ उमटला. माईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि बराच वेळ बघितलं.

“बरोबर आहे,” माई म्हणाल्या. “एवढेच होते माझे.”

त्या संध्याकाळचा सहाचा फोन नेहमीपेक्षा लवकर संपला. माईंनी आकडा सांगितला. सासूबाईंनी मनात हिशेब केला आणि त्या म्हणाल्या, “छान हो, माई.” शंका कुणीच घेतली नाही, कारण शंका घेणारीला स्वतःचा कोपराही दाखवावा लागला असता. दोघी बहिणींचं पूर्वीपेक्षा खूपच गोड चाललं आहे, असं घरातले सगळे सांगतात.

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आलं. मुक्त प्रणाल्यांबरोबर हा पेशन्स एव्हाना चार लाख दहा हजार संगणकांवर पोहोचला आहे. त्यांपैकी प्रत्येकावर, खेळाला पहिल्यांदाच हात लावणाऱ्या माणसापुढेसुद्धा, पहिल्या सकाळी ‘सलग दिवस : १,१४२. शाब्बास!’ असा मजकूर येतो. (‘शाब्बास’ घुबडांनी स्वखुशीने घातलं.) त्याखाली एक मोठं, ठळक बटण आहे: ‘आकडा चुकीचा वाटतो? इथे कळवा.’ निरीक्षकाने स्वतः बसवलेलं हे एकमेव प्रामाणिक यंत्र असून ते तो दर सोमवारी तपासतो. बटण उत्तम चालतं, आणि इथे ‘चालतं’ हा शब्द लोकांच्या अर्थाने घ्यावा. आजपर्यंत स्वल्पविरामाविषयी तीनशे सहा तक्रारी आल्या. तुतारी आतल्या आत वाजते अशी दोन हजारांवर पत्रं आली. आकडा चुकीचा असल्याचं चार लाख दहा हजारांपैकी एकानेही कळवलेलं नाही.

तुम्ही अजून बसवला नसेल तर अवश्य बसवून घ्या. बावीस मिनिटं लागतात. पहिल्या सकाळी कोपऱ्यात बघा, बटण त्याच्या खालीच आहे. निरीक्षक तुमची वाट बघतो आहे. फार आशेने नाही, कारण तुमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तुम्ही टाकलेला त्या आकड्याचा फोटो त्याला कुणीतरी आधीच पाठवला आहे.