धम्मरत्नला बैल दिसला

"जे दाखवता येत नाही, ते नसते. खतम!"

हे धम्मरत्नचं वाक्य. नेरच्या बस स्टँडसमोर बादलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या बाकड्यावर बसून तो हे वाक्य इतक्यांदा म्हणायचा, की शेजारचा चहावालाही ग्लास विसळता विसळता 'खतम' एवढं त्याच्याबरोबर म्हणायला लागला होता. धम्मरत्न शिकवणी वर्गात विज्ञान शिकवायचा आणि गावात त्याला सगळे 'पुरावा मास्तर' म्हणायचे. त्याला या नावाचा राग येत नसे, उलट कॉलर जरा सरळ व्हायची.

आता एवढा विज्ञानवादी माणूस रिकाम्या वेळात काय करत असेल? 'गडझुंज' नावाचा मोबाईल गेम खेळायचा. बेटावर उतरायचं, बंदूक शोधायची, दिसेल त्याला उडवायचं आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. निम्मं नेर हाच गेम खेळत होतं, आणि तेवढ्यावर थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण त्या बेटाच्या एका कोपऱ्यात एक जुनी विहीर होती. अशी बोलवा होती, की अगदी मरणाच्या दारात असलेला खेळाडू त्या विहिरीशी गेला तर तिथे सोन्याचा बैल येतो, जखम चाटतो आणि माणूस खडखडीत बरा होतो. गेमवाली कंपनी यावर हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. देव गप्प बसतो तशीच कंपनी गप्प बसली होती. त्यामुळे नेरात सरळ दोन पंथ पडले.

बादल आस्तिक पंथाचा. तो जवळच्या तांड्यावरचा. खेळ सुरू करायच्या आधी मोबाईल कपाळाला लावायचा.

"धम्या, दिसला नाही म्हंजे नाहीच, असं कसं बे?"

"मंग माह्या मागं हत्ती उभा हाय. दिसत नाही म्हंजे नाहीच, असं कसं?"

बादल खरोखरच मान वाकडी करून मागे बघायचा. मग म्हणायचा, "बरं, हत्ती जाऊ दे. तुह्या मायचा तुह्यावर जीव हाय ना? त्याचा पुरावा दाखव."

"ते रोज डबा देते. डबा दिसते."

"खानावळवालाही डबा देते."

यावर धम्मरत्न चहा मागवायचा.

शेवटी त्याने एक शास्त्रीय मार्ग काढला. रोज वर्ग सुटला की गेममध्ये शिरायचं, विहिरीवर जाऊन उभं राहायचं आणि बैल न आलेल्या विहिरीचं अख्खं रेकॉर्डिंग करायचं. रिकामी विहीर सकाळची, रिकामी विहीर पावसातली, रिकामी विहीर गोळीबारातली. मोबाईलमध्ये त्याने नुसत्या विहिरी भरल्या. "नाही त्याचा पुरावा गोया करून राह्यला हा येडा," असं बादल गिऱ्हाइकांना सांगायचा. मोबाईलही मधून मधून 'जागा संपत आली' म्हणून कुरकुरायचा, पण धम्मरत्न ती सूचना अंगठ्याने बाजूला सारायचा.

याच दिवसांत त्याची सोयरीक आली. मुलगी शीला, राळेगावची, एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायची. फोटो बघितला आणि आमचा मास्तर पार विरघळला. त्याने तो फोटो इतक्यांदा उघडून पाहिला, की शेवटी मोबाईलनेच तो 'आवडते'मध्ये टाकून दिला. पण खरा पेपर होता मुलीच्या वडिलांचा. सदाशिवराव एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते आणि आता गावोगाव फिरून बुवाबाजीचे प्रयोग उघडे पाडायचे. जिभेवर कापूर पेटवायचे, लिंबातून रक्त काढायचे आणि मग 'हे असं करतात' म्हणून सांगायचे. त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "अंगात येणं, अंगारा, नवससायास असलं काही?"

"काका," धम्मरत्न छाती काढून म्हणाला, "नवस कसा बोलतात तेसुद्धा मला माहीत नाही."

सदाशिवराव खूश झाले. रविवारी पाहायला येतो म्हणाले.

आणि त्याच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी घात झाला. वीज गेली म्हणून वर्गाला सुट्टी. धम्मरत्न बादलच्या दुकानामागच्या निंबाखाली बसून खेळत होता. गेमने त्याला सोबतीला एक अनोळखी खेळाडू दिली होती, नाव 'सुईवाली'. आधीही दोन-तीनदा ती त्याच्या जोडीला आली होती. कोणी शिवणकाम करणारी बाई असेल असं त्याने ठरवून टाकलं होतं. सुईवाली बोलायची नाही, नेम मात्र जबर. पण त्या दिवशी तीच आधी मेली. मागे उरला एकटा धम्मरत्न. गोळ्या संपलेल्या, अंगातून रक्त वाहतंय, विषारी धुकं चारी बाजूंनी येतंय. पळता पळता तो विहिरीशी पोचला, पडद्यावरची जीव दाखवणारी पट्टी केसाएवढी उरली, आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून काही शब्द निघून गेले. ते कोणते, हे त्याने नंतर कोणालाच सांगितलं नाही.

विहिरीमागून सोन्याचा बैल आला.

शिंगं सोन्याची, वशिंड सोन्याचं, गळ्यात घुंगुरमाळ. त्याने धम्मरत्नच्या खांद्याला जीभ लावली आणि पट्टी सर्रकन भरली. धम्मरत्नने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. मोबाईल म्हणाला, 'जागा शिल्लक नाही.' फोटो काढू गेला, तर 'जागा शिल्लक नाही.' रिकाम्या विहिरींनी मोबाईल काठोकाठ भरला होता आणि भरलेली विहीर ठेवायला तसूभर जागा नव्हती! एक विहीर पुसायला घेतली, तेवढ्यात मोबाईल गोठला आणि बंद पडला. चालू केला तेव्हा खेळ संपला होता.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण धम्मरत्नचा एक गुण मान्य करावाच लागेल, खोटं त्याच्या घशातून उतरायचं नाही. तो तसाच दुकानात शिरला.

"बादल, बैल हाय. मले दिसला."

बादलने हातातला पेचकस खाली ठेवला. बरेच दिवस तो या क्षणाची वाट पाहत होता. "पुरावा दाखव," तो म्हणाला.

"अरे, मी सांगून राह्यलो ना!"

"जे दाखवता येत नाही, ते नसते."

"खतम," शेजारून चहावाला म्हणाला.

"माह्यावर विश्वास नाही का तुहा?" असं धम्मरत्न बोलून गेला आणि स्वतःचंच वाक्य ऐकून बाकड्यावर बसला.

पण दुकानात आणखी एक माणूस होतं. बादलची आई धुरपताबाई बाजार करून, पिशव्या पायाशी घेऊन एसटीची वाट पाहत बसली होती. गेम काय असतो हे तिला ठाऊक नव्हतं, ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. बैल काय असतो हे मात्र तिला चांगलं ठाऊक होतं. तिची माणसं एके काळी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायची. त्या लदेणीच्या सगळ्यात पुढे जो बैल चाले, त्याच्या पाठीवर ओझं टाकत नसत, त्याला पूजत.

"मास्तर, गयात घुंगुरमाय होती का?"

"होती काकू."

"पाठीवर ओझं?"

"नव्हतं."

धुरपताबाईने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "आमचाच म्होरक्या हाय तो. माहा आजसासरा सांगे, वाट चुकलेल्या मानसाले तो अजून भेटते."

"काकू, तो मोबाईलमधला हाय."

"कुठूनही येईन बापू. त्याले काय?"

धम्मरत्नला वाटलं, बोलणं तिथेच संपलं. पण एसटी तांड्यावर पोचेस्तोवर गोष्ट वाढत गेली. फाट्यावर कळलं की मास्तरला बैलाचं दर्शन झालं. तांड्यावर कळलं की मास्तर मरता मरता वाचला. नायकाच्या, म्हणजे तांडाप्रमुखाच्या, ओट्यावर असं ठरलं, की मास्तरने आपला बैल पाहिला, तर मास्तरच्या हस्ते भोग लावलाच पाहिजे. भोग म्हणजे निखाऱ्यावर तूप-गूळ सोडायचं आणि अरदास, म्हणजे प्रार्थना, म्हणायची. जाळ भडकला की देवाला पोचलं. दिवस ठरला रविवार, कारण रविवारी टेम्पो रिकामा होता.

रविवारी सदाशिवराव आणि शीला वेळेवर आले. धम्मरत्नच्या आईने, तुळसाबाईने, चिवडा दिला, चहा दिला. शीला फोटोपेक्षा चांगली दिसत होती.

"फावल्या वेळात काय करता?" शीलाने विचारलं.

"वाचन," धम्मरत्न म्हणाला. तसं बघितलं तर 'जागा शिल्लक नाही' हे त्याने वाचलंच होतं. शीला हसली. का हसली ते त्याला कळलं नाही, पण बरं वाटलं.

सदाशिवराव म्हणाले, "असा डोळस मुलगा आजकाल..." आणि बाहेर डफडं वाजलं.

बादल धापा टाकत आत घुसला. "धम्या, मी लय अडवलं. याडी ऐकूनच नाही राह्यली." याडी म्हणजे त्याची आई. मागोमाग तीच आली, हातात तुपाचा डबा. तिच्यामागे गूळ, गोवऱ्या, नारळांची पिशवी, डफडंवाला आणि टेम्पोभर बायामाणसं.

सदाशिवराव उभे राहिले. "हा काय प्रकार आहे?"

"तुमी पाव्हणे का?" धुरपताबाई आनंदाने म्हणाली. "लय नशीबवान हा तुमी. तुमच्या जावयाले सोन्याच्या बैलानं दर्शन देल्लं!"

एक म्हातारी पुढे झाली आणि धम्मरत्न नको नको म्हणत असताना त्याच्या पाया पडली. तुळसाबाईने लेकाच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

"काय हो," सदाशिवरावांचा आवाज एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखा झाला, "बैल दिसला की नाही दिसला? एका शब्दात सांगा."

एका 'नाही'वर सगळं निभावत होतं. समोर शीला बसली होती. 'नाही' म्हटलं की लग्न, 'हो' म्हटलं की राळेगावची गाडी. पण 'नाही' म्हटलं तर धुरपताबाई खोटी पडणार, आणि खोटं त्याच्या घशातून उतरतच नव्हतं.

"दिसला," तो म्हणाला. "गेममधे. पण दिसला."

"पुरावा?"

"नाही."

सदाशिवरावांनी टोपी उचलली. "चल शीला."

"बाबा, बसा," शीला म्हणाली. पर्समधून तिने मोबाईल काढला. "पुरावा माझ्याजवळ आहे."

धम्मरत्नने तिच्याकडे पाहिलं. रक्त तपासणारी मुलगी. सुई. सुईवाली! गेममध्ये मेलेल्या खेळाडूला जिवंत सोबत्याचा खेळ शेवटपर्यंत दिसतो, ऐकूही येतो. तिने तो बघितला होता. बघितला होता आणि साठवून ठेवला होता, कारण तिच्या मोबाईलमध्ये विहिरी नव्हत्या.

"तुमचा आवाज आज ऐकला तेव्हा खात्री झाली," ती म्हणाली आणि मोबाईल मधोमध धरला.

सगळे वाकले. धुकं दिसलं, विहीर दिसली, आणि सोन्याचा बैल ठुमकत आला. बायकांनी हात जोडले. बादलने "आबाबाबा" केलं. धम्मरत्नचा ऊर भरून आला. पुरावा मिळाला होता! आणि मग त्याला आठवलं, की बैल यायच्या जरा आधी आवाजही असणार.

"जरा आधीपासून लावा ना," बादल म्हणाला. "आवाज वाढवून."

"कायले?" धम्मरत्न ओरडला, पण शीलाने लावलं होतं.

मोबाईलमधून पुरावा मास्तरचा रडवेला आवाज स्वच्छ आला: "बैलबाप्पा, मले वाचव, नारळ फोडतो! दोन फोडतो! वाचव रे बाप्पा!"

डफडंवाल्याने चुकून एक टिपरी मारली.

"नवस कसा बोलतात ते माहीत नव्हतं ना?" सदाशिवराव म्हणाले.

"जीव चालला होता काका."

"कोणाचा?"

"गेममधला."

"बाबा," शीला म्हणाली, "माझ्याकडे रोज लोक येतात. सुई दिसली की भलेभले नास्तिक देवाचं नाव घेतात. आम्ही ते रिपोर्टात लिहीत नाही. आणि सोयरीक मोडत असतानाही हे खोटं बोलले नाहीत, ते मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं. मला एवढा पुरावा पुरे."

सदाशिवरावांनी टोपी परत खाली ठेवली. "तो बैल गेमवाल्यांनी घातला आहे, त्यात चमत्कार काही नाही," ते म्हणाले. "पण शब्द दिला असेल तर पाळायचा. बैलासाठी नाही, शब्दासाठी."

धुरपताबाईने तेवढ्यात पिशवीतून दोन नारळ काढलेही होते. तुळसाबाईने बजावलं की भोग बाहेर टेम्पोच्या सावलीत लावा, खोबरं मात्र आत द्या. प्रश्न एवढाच उरला, की नारळ फोडायचा कशासमोर? धम्मरत्नने नाइलाजाने मोबाईल पायरीवर ठेवला.

"जरा लांबून फोड," बादल म्हणाला. "स्क्रीन फुटली तं माह्याकडंच येशील."

एक नारळ फुटला, दुसरा फुटला. टेम्पोच्या सावलीत तुपाचा जाळ भडकला आणि बायांनी गलका केला. धम्मरत्न खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन बादलशेजारी पायरीवर बसला.

"तुले सांगून ठेवतो," तो म्हणाला, "नारळ फोडल्यानं काही होत नसते."

आतून सदाशिवरावांचा आवाज आला. "तुळसाबाई, मग लग्नाची तारीख कोणती धरायची?"

बादल नुसता त्याच्याकडे बघत खोबरं चावत राहिला.

"योगायोग हाय बे हा!" धम्मरत्न म्हणाला.

"पुरावा दाखव," बादल म्हणाला.