फायनलच्या दुपारी कोण गेलं?

फुटबॉलची जागतिक फायनल कशी पाहावी, हे आमच्या इमारतीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! (हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. धीर झाला नाही.) खुर्ची भिंतीपासून दोन हात, दिवा बंद, खिडकी अर्धी उघडी आणि शेजारच्या खुर्चीत घड्याळजी.

अडचण होती ती या घड्याळजीची. भिंतीपलीकडे राहणारा हा माझा पन्नास वर्षांचा मित्र गेल्या फायनलपासून माझ्याशी बोलत नव्हता. शेवटच्या मिनिटाला गोल झाला. तो ओरडला, "ऑफसाइड!" मी म्हणालो, "मुळीच नाही!" तो म्हणाला, "तुला छापलेलं सोडून काही दिसतं का?" मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, तेव्हा हे लागलंच. मी म्हणालो, "आणि तुला भिंगाशिवाय?" झालं! तो उठून गेला आणि चार वर्षं दोन दारं शेजारी शेजारी बंद राहिली.

भिंत मात्र बोलायची. दर तासाला पलीकडे अकरा घड्याळं ठोके द्यायची. शिवाय त्याच्या टीव्हीवर चित्र माझ्याआधी दोन सेकंद पोचायचं. माझा खेळाडू चेंडूकडे धावत असतानाच भिंतीतून "अरेरे!" यायचं आणि मला कळायचं, हुकला. भविष्य सांगणारी भिंत दुसऱ्या कुणाकडे असेल तर कळवा.

यंदा मी ठरवलं होतं. सामना पाचला. चारला त्याचं दार वाजवायचं आणि एकच वाक्य बोलायचं: "येतोस का?" सकाळपासून मी त्या वाक्यात सात दुरुस्त्या केल्या. 'येतोस ना' लाडिक वाटलं, 'येणार असशील तर' ताठ. शेवटी मूळचंच बरं ठरलं.

तीन वाजले. भिंत गप्प.

मी कान लावला. अकरांपैकी एकही घड्याळ वाजलं नाही. टिकटिकसुद्धा नाही! खाली रस्ता बघितला तर तोही ओस. फायनलआधी रस्ते ओस पडतातच, पण त्या दिवशी मला ते बरं वाटेना. आभाळ भरून खोलीत भर दुपारी अंधारलं होतं. हाताला भिंत गार लागली. चार वर्षांत प्रथमच मला वाटलं, पलीकडे कुणी नाही.

आणि पलीकडून आवाज आला! घड्याळजीची थोरली बहीण, आक्का, फोनवर बोलत होती. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती साऱ्या जगाशी ओरडून बोलते.

"गेला गं! हो, दोन वाजता! सकाळपासून नुसती घरघर. आधी आवाज गेला, मग तोंड काळंठिक्कर पडलं. पाठीत दोन बुक्क्या घातल्या, तरी काही नाही! किती वर्षं त्या कोपऱ्यात बसून होता बिचारा. चादरीत गुंडाळून ठेवलाय. न्यायला दोन माणसं येतील."

कसाबसा स्वयंपाकघरात गेलो.

"अगं, घड्याळजी गेला."

"कुठे?" बायकोने विचारलं.

"कुठे म्हणजे? गेला! आक्का फोनवर सांगत होत्या."

"'गेला' म्हणाल्या? 'गेले' नाही?"

"सून असती तर 'गेले' म्हणाली असती. त्या थोरल्या बहीण, म्हणून एकवचन. व्याकरण अगदी चोख आहे!"

"माणूस गेलाय आणि तुम्ही व्याकरण कसलं तपासताय!" ती डोळ्यांना पदर लावत बाहेर पडली.

बायको जिना चढली आणि उतरली, एवढ्यात बातमी गच्चीपासून तळमजल्यापर्यंत पोचली. घराघरांतले टीव्ही एकामागून एक बंद झाले. फायनलच्या दिवशी! तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दहा मिनिटांत वीसेक माणसं जिन्यावर मूठभर उजेडात उभी राहिली. बसड्रायव्हर, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई, सगळे. जिन्याचा दिवाही नेमका गेलेला.

आक्कांनी दार उघडलं. आत काळोख. भिंतीवर अकरा घड्याळं थांबलेली. खाली पलंगावर पांढऱ्या चादरीत नखशिखांत गुंडाळलेलं... तेच.

"किती लहान झाला हो!" बसड्रायव्हर कुजबुजला.

"आजारात माणूस आक्रसतो," नर्सबाई म्हणाल्या.

"अहो, एवढी माणसं कशाला?" आक्का ओरडल्या. "दोघं उचलतील की!"

कुणीतरी हुंदका दिला. मागे, जिन्याच्या काळोखात, कुणीतरी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"घड्याळजी," बसड्रायव्हर मागे न बघताच म्हणाला.

"अरेरे! केव्हा?"

"दोनला."

"कमाल आहे," तो आवाज म्हणाला.

तेवढ्यात बायकोने मला कोपराने ढोसलं. "बोला काहीतरी. तुमचा मित्र होता."

मी! चार माणसांत जांभई द्यायलाही लाजणारा! पण चादरीकडे पाहिलं आणि चार वर्षं अडकलेलं आपोआप बाहेर पडलं.

"मित्रा," मी म्हणालो, "तो ऑफसाइड होता. मला त्याच दिवशी दिसलं होतं. चूक आपली आहे हे कळूनही मी छापून जाऊ दिली. आज चारला तुला बोलवायला येणार होतो. दोन तास उशीर... नाही, चार वर्षं उशीर झाला."

सगळे मुसमुसू लागले.

"हे आधी बोलला असतास," काळोखातून आवाज आला, "तर जिवंतपणी ऐकलं असतं!"

नर्सबाईंनी किंकाळी फोडली. बसड्रायव्हर कठड्याला मिठी मारून बसला. गर्दी दुभंगली आणि मधून, हातात पिशवी घेऊन, घड्याळजी वर आला! माझ्या अंगावर असा काटा आला की साळिंदराने ओळख दाखवली असती. हात लावून पाहावा असं वाटलं, पण धीर होईना.

"टीव्ही गेलाय रे, मी नाही," तो म्हणाला. "दुरुस्तीवाले दोघं येतील म्हणून आक्काने गुंडाळून ठेवलाय. पण आज कुणी यायला तयार नाही. सगळे आतापासूनच फायनलला बसलेत."

"आणि घड्याळं?"

"ठोके कॉमेंटरीत येतात, म्हणून मघाशीच थांबवली."

मी सकाळपासून घासलेलं वाक्य आठवू लागलो. ते कुठेतरी सांडलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "माझा चालू आहे."

"मग इथे काय करतोयस?" तो म्हणाला आणि माझ्याआधी माझ्या घरात शिरला.

सामना? उत्तम झाला म्हणतात. घड्याळजी माझ्या शेजारी बसला होता. अंधाऱ्या खोलीत पडद्याचा निळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडायचा. खेळ रंगला की तो अगदी निश्चल व्हायचा. मी वाकून त्याची छाती बघायचो. वर... खाली... वर. ठीक. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला तो असाच थिजला. मी वाकलो. वर... खाली...

"गोऽऽल!" तो उडाला. "पाहिलास? काय मारला रे! पाहिलास ना?"

"पाहिला की!" मी म्हणालो.

आता तो रोज चहाला येतो आणि त्या गोलाबद्दल तासभर बोलतो. मी मान डोलावतो. तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल, तर चेंडू डावीकडून आला की उजवीकडून, तेवढं मला गुपचूप कळवाल का?